ढिगाऱ्यात उतरणारे रोबो

जपानच्या फुकुशिमा दाइची अणुवीज केंद्रात, दुसऱ्या क्रमांकाच्या अणुभट्टीच्या इमारतीत, २० ऑक्टोबर २०११ रोजी ‘क्विन्स’ नावाचा एक रोबो तिसऱ्या मजल्यावर अडकला. पट्ट्यांवर चालणारा, जिने चढणारा हा रोबो पाचव्या मजल्यापर्यंत जाऊन, किरणोत्साराची मोजणी करून परत येत होता. उतरताना त्याच्या मागून येणारी केबल अडकली, खराब झाली आणि त्याचा बाहेरच्या माणसांशी असलेला संपर्क तुटला. त्या इमारतीत किरणोत्सार इतका होता की, त्याला काढून आणायला कुणाला आत पाठवणं शक्य नव्हतं. क्विन्सला तिथेच सोडून द्यावं लागलं.

आपत्तीत उपयोगी पडणाऱ्या रोबोंची गोष्ट सांगायला ही घटना मला सर्वांत योग्य वाटते. हे रोबो म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो दोन पायांवर चालणारा, स्लॅब उचलून खालच्या माणसाला बाहेर काढणारा यंत्रमानव. तसा रोबो अजून कुठल्याही बचावपथकाकडे नाही. जे आहेत ते ठेंगणे, पट्ट्यांवर सरपटणारे, कॅमेरा घेऊन जाणारे किंवा आकाशातून बघणारे आहेत. आणि त्यांचं यशापयश बहुतेक वेळा ठरतं ते केबल, चिखल, जिन्याची रुंदी, ते चालवणाऱ्या माणसाची झोप असल्या गोष्टींवर. ही यादी कंटाळवाणी वाटेल, पण या यंत्रांच्या गेल्या पाव शतकाच्या इतिहासात सगळ्यांत जास्त शिकवलं आहे ते याच यादीने.

या विद्याशाखेचा जन्म १९९५ सालचा म्हणता येईल. त्या वर्षी १७ जानेवारीला जपानमधल्या कोबे शहरात भूकंप झाला आणि सहा हजार चारशेहून अधिक माणसं गेली. ढिगाऱ्याखालून जी जिवंत बाहेर आली, त्यांतल्या बहुतेकांना शेजाऱ्यांनी आणि नातेवाइकांनीच हातांनी उपसून काढलं होतं. रोबोंच्या बाबतीत जगात अव्वल असलेल्या देशात त्या दिवशी मदतीला एकही रोबो नव्हता. त्या काळी कोबे विद्यापीठात असलेले सातोशी ताडोकोरो यांनी पुढे आपलं सारं संशोधन याच कामाला लावलं. त्याच वर्षी १९ एप्रिलला अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीत बॉम्बस्फोटाने एक सरकारी इमारत कोसळली, १६८ जण मृत्युमुखी पडले. जॉन ब्लिच हे लष्करी अधिकारी तेव्हा कोलोरॅडोत रॉबिन मर्फी या प्राध्यापिकेकडे रोबोशास्त्र शिकत होते. ते मदतीसाठी तिथे गेले आणि प्रयोगशाळेतला एकही रोबो त्या ढिगाऱ्यावर चालण्याच्या लायकीचा नाही, हे पाहून परतले. ब्लिच आणि मर्फी यांनी त्यानंतर हाच विषय धरला. आपत्ती-रोबोशास्त्रात आज मर्फी यांचं नाव पहिल्यांदा घेतलं जातं.

सहा वर्षांनी, ११ सप्टेंबर २००१ रोजी, न्यूयॉर्कचे जुळे मनोरे पडले. ब्लिच, मर्फी आणि त्यांचे सहकारी दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत तिथे पोचले. कोसळलेल्या इमारतीत शोधासाठी रोबो वापरल्याची ही पहिली ज्ञात वेळ.

ते नेमकं काय करत होते, हे कळण्यासाठी ढिगारा म्हणजे काय ते समजून घ्यायला हवं. काँक्रीटची इमारत पडते तेव्हा मजले कधी एकावर एक बसतात, कधी एखादा स्लॅब भिंतीला किंवा खांबाला टेकून तिरका राहतो. या तिरक्या स्लॅबखाली, कपाटाशेजारी, जिन्याच्या पोटात पोकळ्या राहतात. माणूस वाचला असेल तर अशाच पोकळीत. म्हणून बचावपथक आधी पोकळ्या शोधतं. शिट्टी वाजते, यंत्रं बंद होतात, सगळे गप्प होतात आणि खालून हाक, ठोका, कण्हणं ऐकू येतं का ते बघितलं जातं. कुत्री फिरवली जातात. लांब दांडीला लावलेला कॅमेरा फटीतून आत घालतात. पण त्या दांडीची मजल पाच-सहा मीटरपर्यंतच. फट वळली की दांडी संपली.

तिथून पुढे रोबोचं काम सुरू होतं. न्यूयॉर्कला सर्वांत उपयोगी पडलेले रोबो बुटांच्या खोक्याएवढे होते. त्यातला एक आपला आकार बदलू शकत असे. सरपटताना सपाट राहायचा आणि अडथळा आला की कंबर वर उचलून त्रिकोणी व्हायचा, म्हणजे कॅमेरा उंचावरून पुढचं बघू शके. मागे केबल, केबलच्या टोकाला बाहेर बसलेला चालक. माणूस किंवा कुत्रा शिरू शकणार नाही अशा, मीटरभराहून अरुंद भोकांतून ते सोडले जात आणि पाच ते वीस मीटर आत जात. खाली आग धुमसत होती. उष्णतेने एका रोबोचा पट्टा मऊ पडून निसटला. बिनतारी संपर्कावर चालणाऱ्या एका रोबोचा संदेश लोखंड-काँक्रीटच्या गर्दीत हरवला आणि तो रोबो परत मिळालाच नाही. विहिरीत उतरणाऱ्याच्या कमरेला जसा दोर बांधतात, तशी केबल ही रोबोची जीवनरेषा असते. तिच्यातून वीज जाते, आज्ञा जाते, चित्र येतं आणि रोबो अडकला तर तिलाच धरून त्याला ओढून काढता येतं. पण तीच केबल कोपऱ्यात गुंतून त्याला अडकवतेही. बिनतारी ठेवावा तर संदेश जात नाही, तार लावावी तर तार अडकते. या पेचातून आजही कुणाची पूर्ण सुटका झालेली नाही.

न्यूयॉर्कच्या रोबोंना एकही जिवंत माणूस सापडला नाही. काही मृतांचे अवशेष त्यांनी शोधून दिले. जिवंत माणूस सापडला नाही म्हणून हा प्रयोग फसला, असं मी म्हणणार नाही. कुठल्या पोकळीत कुणी नाही हे कळणं हीसुद्धा ढिगाऱ्यावर मोठी कमाई असते, कारण तितका वेळ दुसऱ्या पोकळीला देता येतो. शिवाय एरवी ज्या भोकात एखाद्या अग्निशमन जवानाने जिवावर उदार होऊन डोकं घातलं असतं, तिथे यंत्र गेलं.

न्यूयॉर्कमधला आणखी एक धडा मला यंत्राच्या धड्यांपेक्षा मोलाचा वाटतो. तिथे सगळ्या वस्तूंवर राखाडी धुळीचा एकसारखा थर बसला होता. माणसाचं कातडं, कापड, कागद, काँक्रीट, सगळं एकाच रंगाचं. रोबोचा कॅमेरा जमिनीपासून वीतभर उंचीवर. पडद्यावर दिसणारं चित्र म्हणजे दाराच्या कुलपाच्या भोकातून दिसावा तेवढा तुकडा. चालक कित्येक तासांचा जागा. अशा वेळी एकच माणूस रोबो हाकणार आणि तोच पडद्यावर माणूस शोधणार, हे जमत नाही. मर्फी यांच्या गटाने नंतर कवायतींमध्ये हे तपासलं. एक जण चालवतो आहे आणि दुसरा फक्त बघतो आहे, दोघं आपसांत बोलत आहेत, अशी जोडी एकट्या चालकाच्या मानाने दबलेला माणूस शोधण्यात नऊ पट यशस्वी ठरली. रोबो माणसांची संख्या कमी करतो या समजुतीला हा निष्कर्ष छेद देतो. आपत्तीत एका रोबोमागे किमान दोन प्रशिक्षित माणसं लागतात.

आता पुन्हा फुकुशिमाकडे, कारण रोबो असणं आणि रोबो तयार असणं यातला फरक तिथे लख्ख दिसला.

११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर आणि त्सुनामीनंतर तिथली शीतकरण यंत्रणा बंद पडली, तीन अणुभट्ट्यांतलं इंधन वितळलं, इमारतींत स्फोट झाले. माणूस आत जाऊ शकत नव्हता. सगळ्या जगाला वाटलं, आता जपानचे रोबो पुढे येतील. प्रत्यक्षात १७ एप्रिलला आत गेले ते अमेरिकेतले ‘पॅकबॉट’, म्हणजे इराक-अफगाणिस्तानात बॉम्ब निकामी करण्यासाठी वापरले जाणारे लष्करी रोबो. जपानकडे स्वतःचे रोबो का नव्हते? होते. १९९९ साली तोकाइमुरा इथल्या अणुइंधन कारखान्यात अपघात झाल्यावर सरकारने खास अणुदुर्घटनांसाठी रोबो तयार करून घेतले होते. पण आपल्या वीजकेंद्रांत असली दुर्घटना होणारच नाही, तेव्हा यांची गरज नाही, असा निर्णय झाला. सराव नाही, देखभाल नाही, पुढचा निधी नाही. दहा वर्षांत ते रोबो गेल्यात जमा झाले. यंत्र बनवण्याची बुद्धी असूनही ते राखण्याची इच्छा नसेल तर काय होतं, याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

क्विन्स मात्र तयार होता. चिबा तंत्रज्ञान संस्था आणि तोहोकू विद्यापीठ यांनी मिळून तो पडलेल्या इमारती आणि भुयारी स्थानकांसाठी बनवला होता. मुख्य पट्ट्यांखेरीज त्याला पुढे-मागे चार हलणारे हात आहेत. त्यांच्यावरही पट्टे असतात आणि पायरी आली की ते वर उचलून तो जिना पकडतो. अणुभट्टीच्या जाड काँक्रीट भिंतींतून बिनतारी संदेश जाणार नाही, म्हणून घाईघाईने त्याला शेकडो मीटरची केबल आणि ती सोडणारी-गुंडाळणारी चरखी बसवली गेली. तो चालवायचा होता वीजकंपनीच्याच कर्मचाऱ्यांनी. त्यांना शिकवण्यात काही आठवडे गेले.

२४ जूनला पहिली मोहीम झाली. तळघरात साचलेल्या पाण्याची पातळी मोजणारं उपकरण खाली सोडायचं होतं. रोबो जिन्याने उतरू लागला आणि मधल्या चौथऱ्यावर वळताच येईना. प्रत्यक्ष जागा नकाशात दाखवल्यापेक्षा अरुंद होती. मोहीम सोडून द्यावी लागली. पण महिनाभराने, २६ जुलैला, त्याच क्विन्सने तिसऱ्या क्रमांकाच्या अणुभट्टीच्या इमारतीत चढून एका पाइपलाइनची पाहणी केली. त्या मार्गाने गाभ्यावर थेट पाणी सोडता येईल का, हा प्रश्न अभियंत्यांपुढे होता आणि पाइपची अवस्था बघितल्याखेरीज उत्तर देता येत नव्हतं. क्विन्सने दाखवलेल्या चित्रांनी ते उत्तर मिळालं आणि सप्टेंबरपासून त्या मार्गाने पाणी सोडलं जाऊ लागलं. ऑक्टोबरमध्ये तो हरवण्यापूर्वी त्याने हे केलं होतं. एका माणसालाही तिथे जावं लागलं नाही.

त्याच्या मागून फेब्रुवारी २०१२ मध्ये दुसरा आणि तिसरा क्विन्स गेले. त्यांची चरखी सुधारली होती. एकाची केबल तुटलीच तर दुसरा रोबो जवळ जाऊन बिनतारी संदेशाचा दुवा होईल, अशी सोय केली होती. पहिल्या क्विन्सची ही खरी कमाई. त्याला चालवणाऱ्यांनी काय चुकलं ते लिहून ठेवलं आणि पुढच्यात दुरुस्त केलं. त्या केंद्रात आजही रोबो जातात, अडकतात, किरणोत्साराने कॅमेरे निकामी होतात. २०१७ साली पाण्यात पोहणाऱ्या एका छोट्या रोबोने तिसऱ्या अणुभट्टीच्या तळाशी वितळून गोठलेलं इंधन पहिल्यांदा दाखवलं. तशा इंधनाचा पहिला नमुना दुसऱ्या अणुभट्टीतून बाहेर काढता आला नोव्हेंबर २०२४ मध्ये. तो एक ग्रॅमसुद्धा नव्हता.

चिखल आणि पाणी यांनी तर किती रोबो बंद पाडले! न्यूझीलंडमधल्या पाइक रिव्हर कोळसाखाणीत नोव्हेंबर २०१० मध्ये स्फोट होऊन २९ खाणकामगार अडकले. लष्कराचा बॉम्बनाशक रोबो आत सोडला, तो साडेपाचशे मीटरवर पाणी शिरून शॉर्टसर्किटने थांबला. बॉम्ब हाताळण्यासाठी केलेलं यंत्र ठिबकणाऱ्या बोगद्यात नेलं तर दुसरं काय होणार? ते २९ जण वाचले नाहीत. रोबोला अडवायला चिखलच लागतो असंही नाही. २०१५ साली कॅलिफोर्नियात अमेरिकेच्या संरक्षण संशोधन संस्थेने, दार्पाने, माणसासारख्या रोबोंची मोठी स्पर्धा घेतली. गाडी चालवणं, दार उघडणं, झडप फिरवणं, भिंतीला भोक पाडणं, ढिगारा ओलांडणं, जिना चढणं अशी कामं होती. फुकुशिमा डोळ्यांपुढे ठेवूनच ती आखली होती. एकामागून एक रोबो दाराशी, पायरीशी कोसळले. जिंकला दक्षिण कोरियाचा ‘ह्युबो’, कारण त्याच्या गुडघ्यांना चाकं होती आणि सपाट जागी तो गुडघे टेकून चाकांवर चाले. दोन पायांच्या हट्टापेक्षा हा शहाणपणा मोठा होता.

अग्निशमनात मात्र यंत्रांनी आपली जागा पक्की केली आहे. १५ एप्रिल २०१९ रोजी पॅरिसचं नोत्र दाम कॅथेड्रल पेटलं, छत कोसळण्याच्या बेतात आलं तेव्हा अग्निशमन दलाने जवान मागे घेतले आणि ‘कोलोसस’ हा अर्ध्या टनाचा पट्ट्यांवरचा रोबो पाण्याची नळी घेऊन आत पाठवला. त्या दलाकडे तो आधीपासून होता. चालवणारे जवान त्याच दलाचे होते. फोन करून कुठल्या विद्यापीठातून तो मागवावा लागला नाही.

मर्फी यांनी २००१ ते २०१३ मधल्या चौतीस आपत्तींचा हिशेब मांडला आहे. बचावयंत्रणेकडे स्वतःचा रोबो असेल तर तो अर्ध्या दिवसात वापरात येतो. नसेल, बाहेरून आणायचा असेल, तर सरासरी आठवडा जातो. ढिगाऱ्याखालच्या माणसाला पहिले तीन दिवस महत्त्वाचे असतात. त्यानंतर जिवंत सापडण्याची शक्यता झपाट्याने घसरते. मग आठवड्याने येणारा रोबो कितीही हुशार असला तरी त्याच्या वाट्याला येतात फक्त मृतदेह.

आपल्या देशातही अशा घटना घडल्या आहेत. १२ नोव्हेंबर २०२३ ला, ऐन दिवाळीच्या पहाटे, उत्तराखंडमध्ये सिलक्यारा बोगद्याचा काही भाग खचला आणि ४१ कामगार आत अडकले. सुमारे साठ मीटर मलब्यापलीकडे ते जिवंत होते. सुरुवातीला चार इंची पाइपमधून हवा आणि कुरमुरे-सुकामेवा जात होता. नवव्या दिवशी सहा इंची पाइप पार गेला, त्यातून एंडोस्कोपीचा लवचीक कॅमेरा सरकवला आणि २१ तारखेच्या सकाळी हेल्मेट घातलेले ते चेहरे देशाने पाहिले. मी त्या कॅमेऱ्याला बचाव-रोबोंचा धाकटा भाऊच मानतो. कॅमेऱ्यासमोर एकेकाने येऊन उभं राहावं, अशी सूचना वॉकीटॉकीवरून दिली जात होती आणि बाहेर नातेवाईक आपला माणूस ओळखत होते. पुढे मलब्यातून मोठा पाइप ढकलणारं ऑगर यंत्र लोखंडात अडकून तुटलं. डीआरडीओचे रोबोही तिथे आणले गेले होते. शेवटचे दहा-बारा मीटर खणले ते ‘रॅट मायनर’ म्हणवणाऱ्या कामगारांनी. ऐंशी सेंटिमीटर व्यासाच्या पाइपात आडवं होऊन, हातातल्या अवजारांनी. २८ नोव्हेंबरला सगळे ४१ बाहेर आले. या घटनेचा अर्थ काही जणांनी ‘यंत्र हरलं, माणूस जिंकला’ असा लावला. मला तो पटत नाही. पाइप ढकलणारं यंत्र नसतं तर ते कामगार शेवटच्या बारा मीटरपर्यंत पोचलेच नसते. कॅमेरा नसता तर आतल्यांची खरी अवस्था कळली नसती. आणि त्या पाइपात शिरणाऱ्या माणसांच्या जिवाचा धोका काही कमी नव्हता.

तेलंगणात श्रीशैलम डाव्या कालव्याच्या बोगद्यात २२ फेब्रुवारी २०२५ रोजी दुर्घटना झाली, आठ जण अडकले. पाणी, गाळ आणि बोगदा खणणाऱ्या अवाढव्य यंत्राचे तुकडे यांनी वाट बंद केली होती. हैदराबादच्या कंपनीचे रोबो कामाला लागले तेव्हा दोन आठवडे उलटून गेले होते. आठांपैकी कुणीही वाचलं नाही.

महाराष्ट्राचा विचार करताना आधी आपत्ती कुठली ते बघावं लागेल, कारण एकच रोबो सगळीकडे चालत नाही. माळीण (३० जुलै २०१४) आणि इरशाळवाडी (१९ जुलै २०२३) इथे डोंगराचा कडा खाली आला. चिखल आणि दगडमाती घरात शिरते तेव्हा ती पोकळ्या भरून टाकते. सरपटणाऱ्या रोबोला तिथे शिरायला जागाच उरत नाही. इरशाळवाडीला तर रस्ताच नव्हता. खोदकामाची जड यंत्रं वर नेता आली नाहीत, एनडीआरएफचे जवान पावसात डोंगर चढून गेले आणि कुदळ-फावड्याने खणत राहिले. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण बेपत्ता राहिले आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. अशा जागी कामाचे आहेत ते ड्रोन. घरं कुठे होती आणि माती सरकून कुठे गेली याचा नकाशा ते तासाभरात देऊ शकतात. वरचा कडा अजून सरकतो आहे का, यावर नजर ठेवू शकतात. जवानांच्या डोक्यावर पुन्हा दरड येणार नाही, एवढं कळलं तरी पुष्कळ झालं.

ड्रोनमध्ये आपण मागे नाही, हे सांगायला हवं. आयआयटी मुंबईतून निघालेल्या आयडियाफोर्ज कंपनीचं ‘नेत्र’ हे ड्रोन २०१३ च्या उत्तराखंड महापुरात अडकलेले यात्रेकरू शोधायला वापरलं गेलं. ‘थ्री इडियट्स’ चित्रपटात उडणारं यंत्र याच मंडळींचं. त्याच २०१३ च्या मे महिन्यात कॅनडात अपघातानंतर थंडीत भरकटलेल्या एका जखमी माणसाला पोलिसांच्या ड्रोनने उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यातून शोधलं आणि त्याचा जीव वाचला.

इमारत पडते तेव्हा गोष्ट वेगळी असते. डोंगरी, भिवंडी, महाड. डोंगरीत जुलै २०१९ मध्ये गल्ली इतकी अरुंद होती की लोकांनी रांग करून हातोहात विटा बाहेर काढल्या. महाडला ऑगस्ट २०२० मध्ये पाच मजली इमारत पडली आणि चार वर्षांचा एक मुलगा सुमारे एकोणीस तासांनी जिवंत बाहेर आला. कुठल्याशा पोकळीने त्याला सांभाळलं होतं. केबलवरचा छोटा कॅमेरा-रोबो खरा उपयोगी पडेल तो इथे. ताडोकोरो यांच्या गटाने आठ मीटर लांबीचा, नळीसारखा एक कॅमेरा बनवला आहे. त्याच्या अंगावर बारीक तिरपे केस असतात, ते थरथरले की तो स्वतःहून फटीत पुढे सरकतो. अमेरिकेत एका कोसळलेल्या वाहनतळावर तो वापरला गेला आहे. आपल्या गल्लीबोळांत जेसीबी पोचत नाही तिथे एक माणूस खांद्यावर टाकून असं उपकरण नेऊ शकेल.

आणि पाणी. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्री नदीवरचा जुना पूल वाहून गेला, दोन एस.टी. बसगाड्या आणि इतर वाहनं पुरात पडली. गढूळ, ओढीच्या पाण्यात नौदलाचे पाणबुडे उतरले, तीनशे किलोचं लोहचुंबक दोराने सोडून तळ चाचपला गेला. बसगाड्यांचा ठाव लागायला आठवडा उलटला. जपानमध्ये त्सुनामीनंतर एका मासेमारी बंदराला सांगितलं गेलं होतं की, पाणबुड्यांचं पथक सहा महिन्यांनी येईल आणि तपासायला दोन आठवडे लागतील. ध्वनिलहरींनी ‘बघणारे’ पाण्याखालचे रोबो आले आणि चार तासांत बंदर मोकळं झालं. कोकणातल्या, कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या जिल्ह्यांना अशा यंत्राची गरज आहे, हे पटवायला सावित्रीचं एकच उदाहरण पुरे.

नव्या कल्पनाही येत आहेत. मार्च २०२५ च्या म्यानमार भूकंपानंतर सिंगापूरच्या पथकाने पाठीवर इलेक्ट्रॉनिक दप्तर बसवलेली दहा झुरळं ढिगाऱ्यात सोडली. मादागास्करची ही झुरळं बोटाएवढी मोठी असतात आणि विजेच्या हलक्या संदेशांनी त्यांना वळवता येतं. पाय, स्नायू, फटीतून जाण्याची अक्कल सगळं त्यांचं स्वतःचं. प्रत्यक्ष आपत्तीत असा प्रयोग पहिल्यांदाच झाला. त्यांना कुणी सापडलं नाही, पण दिशा विचार करण्यासारखी आहे.

महाराष्ट्राकडे काय नाही, असं विचारलं तर उत्तर अवघड आहे. बॉम्ब हाताळणारा ‘दक्ष’ हा रोबो डीआरडीओच्या पुण्यातल्या दिघीच्या संस्थेने बनवला. एनडीआरएफची पाचवी बटालियन तळेगावजवळ सुदुंबऱ्याला आहे. पुण्यात बालेवाडीला ‘रोबोकॉन’ या रोबो-स्पर्धेच्या राष्ट्रीय फेऱ्या वर्षानुवर्षं भरल्या आणि मराठी मुलांनी त्या गाजवल्या. चेंडू टाकणारे, पताका उभारणारे किती सुंदर रोबो तिथे पाहायला मिळाले! या तीन गोष्टी एकमेकींपासून काही किलोमीटरवर आहेत, पण एका ढिगाऱ्यावर एकत्र आलेल्या दिसत नाहीत.

जगात रोबोकप नावाच्या स्पर्धेत बचावाचा वेगळा विभाग आहे. तिथे लाकडी ठोकळ्यांची उंचसखल मैदानं, जिने, अंधारे बोगदे उभारतात, बाहुल्या लपवतात आणि रोबोने त्या शोधायच्या असतात. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांना माझं सांगणं आहे की, अशी एक स्पर्धा इथे भरवा, पण मैदान लाकडाचं नको. पाडायला काढलेल्या जुन्या इमारती आपल्या शहरांत शेकड्याने आहेत, त्यातली एक घ्या. पावसाळ्यात घ्या, चिखलात घ्या. परीक्षक म्हणून प्राध्यापकांबरोबर मुंबई-पुणे-ठाण्याच्या अग्निशमन दलातले जवान बोलवा आणि रोबो शेवटी त्यांच्याच हातात द्या. ज्या रोबोला जवान हातमोजे घालून, अंधारात, दोन तासांच्या शिकवणीवर चालवू शकेल, त्याला पहिला क्रमांक द्या. आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणांनी तो विकत घेऊन कपाटात न ठेवता दर महिन्याला कवायतीत बाहेर काढावा, त्याची बॅटरी भरलेली आहे ना, केबल शाबूत आहे ना, हे बघावं. पुढची इमारत कधी पडेल ते कुणालाच सांगता येणार नाही. तेव्हा रोबो अर्ध्या दिवसात पोचेल की आठवड्याने, हे मात्र आजच ठरवता येतं.